ग्रंथ की परंपरा? एका जुन्या वादाची सोपारा-वसईकडील हकीकत

इसवी सन १५३४ हे वर्ष युरोपच्या धार्मिक इतिहासात आणि उत्तर कोकणच्या राजकीय इतिहासात सारखेच महत्त्वाचे ठरले. त्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात पॅरिसमधील मोंमार्त्र टेकडीवर इग्नेशियस लोयोला, फ्रान्सिस झेवियर आणि त्यांचे पाच सोबती यांनी संन्यस्त जीवनाची शपथ घेतली व पुढे विख्यात झालेल्या जेझुइट संघाचा पाया घातला. सप्टेंबरात विटेनबर्ग येथे मार्टिन ल्यूथरचे संपूर्ण बायबलचे जर्मन भाषांतर छापून बाहेर पडले. आणि डिसेंबरात गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने, मोगल बादशहा हुमायूनच्या धास्तीने, वसई व तिच्याखालचा मुलूख पोर्तुगीजांच्या हवाली केला. या तीन घटना घडविणाऱ्या माणसांना एकमेकांच्या उद्योगाची फारशी गंधवार्ता नसेल. परंतु सोपारे, निर्मळ, आगाशी, पापडी या गावांच्या भवितव्यात त्या तिन्ही घटना कालांतराने येऊन मिळाल्या, आणि धर्माचे अंतिम प्रमाण केवळ लिखित ग्रंथ हे मानावे की ग्रंथासह पिढ्यानपिढ्या चालत आलेली परंपराही मानावी, हा जर्मनीत पेटलेला प्रश्न केळी-पानवेलींच्या वाड्यांतून नांदणाऱ्या मराठी माणसांच्या दारी येऊन ठेपला.

या वादाचे स्वरूप मराठी वाचकास अगदीच अनोळखी वाटण्याचे कारण नाही. श्रुतीचा अर्थ श्रुतीवरूनच लावावा की स्मृती व शिष्टाचार यांच्या साहाय्याने, हा खल आपल्याकडील शास्त्रीमंडळींनी शतकानुशतके केलेला आहे. युरोपात त्याला तोंड फुटले ते १५१७ मध्ये पापक्षमापत्रांच्या विक्रीवरून. चार वर्षांनी वर्म्स येथील दरबारात, सम्राट पाचव्या चार्ल्सच्या समक्ष, ल्यूथरने असे बजावले की, पोप आणि धर्मपरिषदा या दोहोंच्या हातून चुका झालेल्या आहेत, सबब शास्त्रवचनाने अथवा उघड युक्तिवादाने आपली खात्री पटल्यावाचून आपण एक अक्षरही मागे घेणार नाही. यावर कॅथलिक पक्षाचे उत्तर असे की, बायबलात कोणते ग्रंथ असावेत याची यादी खुद्द बायबलात कोठेही दिलेली नाही. ती ख्रिस्तमंडळाने निश्चित केली, आणि ज्या मंडळाने ग्रंथ पारखून घेतले त्याच मंडळाकडे त्यांचा अर्थ सांगण्याचा अधिकारही ओघानेच येतो. ८ एप्रिल १५४६ रोजी ट्रेंटच्या परिषदेने या उत्तरास निर्णयाचे रूप दिले. लिखित ग्रंथ आणि प्रेषितांपासून हस्ते-परहस्ते आलेल्या अलिखित परंपरा यांचा स्वीकार सारख्याच आदराने करावा, असे ठरविले, आणि लॅटिन भाषांतर अधिकृत म्हणून जाहीर केले. कॅथलिकांच्या बायबलात त्र्याहत्तर आणि प्रोटेस्टंटांच्या बायबलात सहासष्ट ग्रंथ असा जो फरक आजही दिसतो, त्यावर शिक्कामोर्तब झाले ते याच काळात.

सोपाऱ्याचा ख्रिस्ती धर्माशी आलेला संबंध मात्र या फाटाफुटीहून दोनशे वर्षांनी जुना आहे. अशोकाच्या शिलाशासनांचे तुकडे ज्या प्राचीन बंदरात सापडले, त्याच्या आसपास १३२१ मध्ये जॉर्डानस नावाचा फ्रेंच डोमिनिकन साधू वावरत होता. त्याच्यासोबत आलेल्या चार फ्रान्सिस्कन साधूंना, तो स्वतः दूर गेलेला असताना, ठाण्यात तेथील मुसलमान अंमलदाराच्या हुकमाने देहान्त शासन झाले. परत आल्यावर त्याने त्यांचे देह सोपाऱ्यास आणून पुरले, आणि थोड्याच वर्षांनी तेथून जाणाऱ्या ओडोरिक नावाच्या प्रवासी साधूने त्यांच्या अस्थी उकरून थेट चीनपर्यंत नेल्या. त्या काळच्या ख्रिस्ती माणसास शुभवर्तमानाची पोथी आणि हुतात्म्यांच्या अस्थी ही दोन परस्परविरोधी प्रमाणे आहेत, असे कोणी सांगितले असते तर त्यास त्याचा अर्थही कळला नसता. वादाचा उगमच मुळी पुढे, छापखान्याच्या युगात, सामान्य माणसाच्या हाती पुस्तक जाऊ लागल्यावर व्हावयाचा होता.

पोर्तुगीज अंमल वसईस आला तेव्हा ते युग सुरू झालेले होते. पण या किनाऱ्यावर त्याचे एकच अंग येऊन पोहोचले. फ्रान्सिस्कन आणि त्यांच्या पाठोपाठ जेझुइट यांनी गावोगावी चर्चे उभारली. या धर्मांतरांत उपदेशाचा वाटा होता तसाच राजसत्तेच्या दडपणाचा, सवलतींच्या आमिषाचा आणि देवळांच्या विध्वंसाचाही होता, हे न लपविता सांगितले पाहिजे. नव्या ख्रिस्ती माणसास शिकविण्याची रीत झेवियरने घालून दिलेली होती: हातात घंटा घेऊन रस्त्याने फिरावे, मुले गोळा करावीत, आणि श्रद्धासूत्र, दहा आज्ञा व प्रार्थना त्यांच्याकडून चालीवर घोकून घ्याव्यात. १५६४ साली रोमहून निघालेल्या नियमान्वये देशभाषेतील बायबल वाचण्यास धर्माधिकाऱ्याची लेखी परवानगी आवश्यक ठरली. येथे तर परवानगी मागण्यापुरतेही मराठी बायबल अस्तित्वात नव्हते. वसईच्या शेतकऱ्यास आणि कोळ्यास धर्म लाभला तो कानांनी, डोळ्यांनी आणि गुडघ्यांनी: मिस्सा, मिरवणूक, रोझरीची माळ, गल्लीच्या तोंडाशी उभा केलेला क्रूस आणि संतांचे सण यांच्या द्वारे. नागासाकी येथे १५९७ मध्ये क्रुसावर मारला गेलेला गोन्सालो गार्सिया हा वसईचाच सुपुत्र. सोपाऱ्याला लागून असलेल्या गास गावचे चर्च आज त्याच्या नावाने ओळखले जाते. बायबलाच्या कोणत्याही पानावर त्याचे नाव असणे शक्य नव्हते, तरी १८६२ मध्ये रोमने त्यास संतपदी बसविले. परंपरा हे प्रमाण मानणे याचा व्यवहारातील अर्थ काय, तो वसईकरांस या एका उदाहरणाने पुरेपूर कळावा.

या काळात ग्रंथाची भूक कोणास लागलीच नाही असे नव्हे. ती लागली गोव्याच्या साष्टी प्रांतात, आणि ती ओळखणारा मनुष्य योगायोगाने असा निघाला की, ज्याचे स्वतःचे आयुष्य या वादानेच देशोधडीस लावले होते. थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडातील विल्टशर परगण्याचा रहिवासी. राणी एलिझाबेथच्या प्रोटेस्टंट राज्यात कॅथलिक म्हणून राहणे अशक्य झाल्यावर त्याने रोम गाठले, जेझुइट संघात प्रवेश केला आणि १५७९ च्या ऑक्टोबरात तो गोव्यास उतरला. पुढची चाळीस वर्षे त्याने बहुतांशी साष्टीतच काढली. नवख्रिस्ती ब्राह्मणांची तक्रार अशी की, प्रश्नोत्तरांची दोत्रीन ठीक आहे, परंतु आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, त्यांच्या जागी वाचावयास काय दिलेत? स्टीफन्सने या मागणीस दिलेले उत्तर म्हणजे १६१६ मध्ये रायतूर येथे छापलेले, सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’. त्याच्या पहिल्या भागात जुन्या कराराची आणि दुसऱ्यात ख्रिस्तचरित्राची कथा येते. पण ते भाषांतर नव्हे. मूळ वचन, त्यावरील मंडळाची शिकवण आणि श्रोत्याच्या शंकांचे समाधान हे सर्व त्यात ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवीच्या एकाच प्रवाहात मिसळून गेलेले आहे. इंग्लंडात जो वाद फाशीच्या दोरापर्यंत गेला होता, त्याचे कॅथलिक उत्तर या गृहस्थाने मराठी पुराणिकाच्या आसनावरून दिले.

हा ग्रंथ देवनागरीत छापावा अशी त्याची फार इच्छा होती. १६०८ च्या डिसेंबरात त्याने रोमला आपल्या संघप्रमुखास धाडलेल्या पत्रात या देशाच्या लिपीचे ठसे पाडण्यास परवानगी मागितली. युरोपातील चोवीस अक्षरांच्या जागी येथे जोडाक्षरे धरून सुमारे सहाशे आकार लागतात, तथापि ते दोनशेपर्यंत आणता येतील, असा तपशीलवार हिशेबही त्याने त्यात मांडला होता. ठसे काही पडले नाहीत. पुराण रोमन अक्षरांत छापले गेले आणि १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. पुढे १६८४ मध्ये खुद्द पोर्तुगीज सरकारनेच देशभाषा मोडून काढण्याचे फर्मान काढले, तेव्हा स्टीफन्सच्या मार्गाने जाण्याची वाट जवळजवळ बुजली. मराठीत ख्रिस्ती वाङ्मयाचा इतका भव्य आरंभ होऊनही त्यानंतर दीड शतक जी सामसूम दिसते, तिचे एक प्रमुख कारण हे होय.

अलिखित परंपरेची खरी कसोटी वसई प्रांतात लागली ती १७३९ मध्ये. चिमाजी आप्पाने दीर्घ वेढ्यानंतर वसईचा कोट घेतला. शरणागतीच्या करारात ख्रिस्ती रयतेस धर्मपालनाची मुभा राहिली, परंतु युरोपीय धर्मगुरू बहुतेक सारे निघून गेले, मठ ओस पडले आणि कोटातील चर्चांवर वड-पिंपळ उगवले. शंकराजी केशव फडके यांच्यासारख्या सरसुभेदाराच्या हाती कारभार आला. ज्या समाजास राजाश्रयाच्या बळावर ख्रिस्ती केले, असा आक्षेप होता, त्याच्यावरील राजाश्रय आता समूळ नाहीसा झाला होता, आणि त्याच्या घरात बायबल तर नव्हतेच. तरीही गोव्यात दीक्षा घेतलेल्या मूठभर देशी धर्मगुरूंच्या आधाराने तो समाज टिकला. १७६० च्या सुमारास ठाण्यावरून गेलेल्या आंकेतिल द्यूपेराँ या फ्रेंच विद्वानास मराठ्यांच्या राज्यात ख्रिस्ती सण उघडपणे व थाटामाटाने साजरा होताना पाहून आश्चर्य वाटले. ग्रंथावाचून परंपरा जगू शकते, याचा याहून बोलका पुरावा मिळणे कठीण. मात्र ती जगली तरी मुकीच राहिली. आपण काय मानतो व का मानतो, हे स्वतःच्या शब्दांत मांडणारे लिखाण त्या शंभर वर्षांत वसईच्या ख्रिस्ती समाजातून निपजले नाही, हेही तितकेच खरे.

दुसरा पक्ष या किनाऱ्यावर उतरला तो एकोणिसाव्या शतकात, आणि तो आला छापखाना घेऊनच. श्रीरामपूर येथे विल्यम कॅरीने वैजनाथ शर्मा या पंडिताच्या साहाय्याने १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापले होते. १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईस येऊन दाखल झाले. कंपनी सरकार त्यांना परत पाठविण्याच्या विचारात असता त्यांनी विनवण्या करून कसाबसा मुक्काम टिकविला. शाळा काढणे, बाजारात उभे राहून बोलणे आणि पुस्तके वाटणे हा त्यांचा नित्यक्रम. त्यांच्यातील एकाने ठाण्यातही ठाणे मांडले. हॉलने तेरा वर्षे मराठी नव्या कराराच्या कामी वेचली आणि १८२६ च्या मार्चमध्ये, नाशिककडील दौऱ्यात, महामारीने त्याचा अंत झाला. त्याच वर्षी तो नवा करार मुंबईत छापून झाला. संपूर्ण बायबल मराठीत यावयास १८४७ साल उजाडले. ज्या गोष्टीची तीनशे वर्षे वाण होती, ती एका पिढीत बाजारहाटाच्या रस्त्यावर वाटली जाऊ लागली.

रोमची यावरील प्रतिक्रिया कडक होती. १८४४ मध्ये सोळावे ग्रेगरी यांनी बायबल सोसायट्यांचा जाहीर निषेध केला, आणि मंडळाच्या टीपा व अनुज्ञा यांवाचून देशभाषेत ग्रंथ फिरविणे म्हणजे ज्याला त्याला मन मानेल तसा अर्थ करण्यास मोकळे सोडणे होय, असे बजावले. वसईच्या कॅथलिक गावांत प्रोटेस्टंट चळवळीने मूळ धरले नाही. परंतु त्याचे श्रेय या निषेधास देणे चुकीचे ठरेल. तेथे धर्म हा जात, वाडी, जमीन, विवाहसंबंध आणि सण यांच्याशी इतका एकजीव झालेला होता की, नुसत्या पुस्तकाच्या बळावर त्यातून एखाद्यास अलग करणे दुरापास्त होते. शिवाय त्या समाजाचे लक्ष वेधून घेणारा तंटा वेगळाच होता: आपल्या चर्चवर हुकमत पोर्तुगालच्या राजाने नेमलेल्या गोव्याच्या धर्माधिकाऱ्याची, की थेट रोमने पाठविलेल्यांची? परंपरा मानावयाची हे ठरलेले असताही तिचा कारभारी कोण, यावरून मुंबईत व तिच्यालगतच्या (गोव्याहून निराळ्या) साष्टीत एकाच गावात दोन तट पडले, आणि परंपरेचा आधार घेणाऱ्यांसही वादापासून सुटका नाही, हे सिद्ध झाले.

प्रोटेस्टंट गोटातही सारे आलबेल नव्हते. ग्रंथ प्रत्येकाच्या हाती दिला की प्रत्येकजण तो आपापल्या बुद्धीने वाचणार, हे ओघानेच आले. आणि याचे सर्वांत तेजस्वी उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. नीळकंठशास्त्री गोरे या काशीच्या चित्पावन पंडिताने १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतला होता. पुढे चर्चची प्राचीन परंपरा, तिचे मतांगीकार आणि धर्माध्यक्षांची अखंड साखळी यांवाचून नुसते बायबल अपुरे आहे, या मताकडे ते अधिकाधिक झुकत गेले. त्यांच्या लिखाणाचा परिणाम रमाबाईंवर झाला, आणि १८८३ च्या सप्टेंबरात इंग्लंडातील वाँटेज येथे अँग्लिकन भगिनींच्या आश्रमात त्या ख्रिस्ती झाल्या. परंतु अवघ्या दोन वर्षांत त्यांना गुरुस्थानी असलेल्या भगिनी जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार वादाने पेटला. त्रैक्याचा सिद्धान्त ज्या शब्दांत चर्च मांडते त्या शब्दांत तो बायबलात मला दाखवा, असा रमाबाईंचा आग्रह. चर्चच्या शिकवणुकीपुढे नवशिक्या व्यक्तीने आपले मत बाजूस ठेवावे, असे जेराल्डिन यांचे सांगणे. एका पुरोहितवर्गाचे जोखड महत्प्रयासाने झुगारून दिल्यावर दुसऱ्याचे जोखड मानेवर घेण्यास आपण राजी नाही, हे या विदुषीने अत्यंत निर्भीडपणे कळविले.

रमाबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. प्रचलित मराठी बायबलची भाषा संस्कृतप्रचुर असल्याने खेड्यांतील बायकांस ती समजत नाही, असे पाहून त्यांनी उतारवयात हिब्रू व ग्रीक या भाषांचा अभ्यास केला, आणि केडगावच्या आपल्या मुक्तिसदनात सुमारे दोन दशके खपून समग्र बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. खिळे जुळविण्यापासून पुस्तके बांधण्यापर्यंतची कामे मुक्तिसदनातील मुली व विधवाच करीत. १९२२ मध्ये रमाबाई निवर्तल्या आणि १९२४ मध्ये ग्रंथ पुरा बाहेर पडला. एका स्त्रीने एकटीने समग्र बायबल एका भाषेत आणावे, ही घटना जगाच्या इतिहासातही विरळा. आणि ‘ग्रंथच प्रमाण’ या तत्त्वाचा इतका निष्ठेने पाठपुरावा करणारे दुसरे माणूस मराठी मुलखात झालेले नाही.

तथापि नुसता ग्रंथ समाज बांधीत नाही, याचा अनुभव प्रोटेस्टंटांस लवकरच आला. बाबा पदमनजींस नव्या करारावर टीका लिहावी लागली, म्हणजे अर्थ सांगणाऱ्याची गरज पुन्हा उभी राहिलीच. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले नारायण वामन टिळक यांना तर परदेशी चालींवरची भाषांतरित गीते म्हणणारी मंडळी पाहून खंत वाटे. त्यांनी भजन, अभंग, कीर्तन यांचा आश्रय केला, आणि ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभिले, ते १९१९ मध्ये त्यांच्या निधनाने अपुरे राहिले व त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरे केले. परंपरा नाकारून निघालेल्या पंथाने तीनशे वर्षांनी नेमकी स्टीफन्सचीच वाट धरली, कारण मराठी माणसाच्या हृदयापर्यंत जाण्यास ओवी-अभंगांवाचून दुसरी वाट नव्हती.

उलट बाजूने वाट चालण्यास रोमला विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आधी उपासनेत देशभाषांस मुभा दिली, आणि १८ नोव्हेंबर १९६५ रोजीच्या घोषणापत्रात ग्रंथ व परंपरा हे एकाच दैवी झऱ्याचे परस्परांशी निगडित प्रवाह आहेत असे सांगून, सर्व श्रद्धावंतांस बायबल सुलभपणे उपलब्ध व्हावे, असा आदेश दिला. तत्पूर्वी दोन वर्षे, १९६३ मध्ये, माँट्रिअल येथे जमलेल्या प्रोटेस्टंट व पौर्वात्य मंडळ्यांच्या प्रतिनिधींनीही ग्रंथ हा परंपरेच्या ओघातच आपल्यापर्यंत आला आहे, हे मान्य केले होते. वसईच्या धर्मग्रामांत लॅटिन मिस्साच्या जागी मराठी मिस्सा आली. १९५५ पासून निघणाऱ्या ‘सुवार्ता’ मासिकाने लिहित्या ख्रिस्ती पिढीस हक्काचे व्यासपीठ दिले. आणि या मासिकाचे दीर्घकाळ संपादक असलेले, नंदाखाल गावचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले. त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला, आणि २०२० मध्ये उस्मानाबाद येथे झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. ज्या समाजाच्या पूर्वजांस बायबल वाचावयास मिळाले नव्हते, त्याच समाजातील धर्मगुरूच्या हातून ते मराठीच्या भर दरबारात मानाने येऊन बसले.

या पाच शतकांचा ताळेबंद मांडताना कोणत्याही एका पक्षाच्या पदरी सारे माप टाकता येत नाही. परंपरेने वसईच्या समाजास तगविले, राज्ये बदलली तरी त्यास विखुरू दिले नाही, पण फार काळ त्यास बोलू दिले नाही. ग्रंथाने माणसास, विशेषतः रमाबाईंसारख्या स्त्रीस, सत्तेपुढे उभे राहून प्रश्न विचारण्याचे बळ दिले, पण त्याच बळाने पंथांतून पंथ फुटत गेले. आजच्या गजबजलेल्या नालासोपाऱ्यात एकीकडे गास-निर्मळची जुनी धर्मग्रामे आणि दुसरीकडे भाड्याच्या खोल्यांतून भरणाऱ्या लहान-लहान प्रार्थनासभा, हे या दोन्ही परिणामांचे शेजारी-शेजारी दिसणारे रूप आहे. वाद मिटला असे म्हणता येत नाही. अर्थनिर्णयाचा शेवटचा अधिकार रोमकडे, मंडळीकडे की वाचकाच्या सदसद्विवेकाकडे, यावर दोन्ही बाजू अद्याप आपापल्या जागी आहेत. पण वादाचा मुद्दा पालटला आहे. ग्रंथ कोणी वाचावा, हा प्रश्न मराठी मुलखात निकालात निघाला. तो सर्वांनी वाचावा, हे उभयपक्षी मान्य झाले. वाचून काढलेल्या अर्थाबद्दल वाचणाऱ्याने जाब कोणास द्यावयाचा, एवढाच प्रश्न शिल्लक उरला आहे, आणि तो ख्रिस्ती धर्मापुरता मर्यादित नाही.